संगणकाचा प्रोसेसर आणि कूलर बदलताना : जोर नको, क्रम हवा



"मॅडम, घरचा संगणक फार रखडतोय. टाकून नवा घ्यायचा का?" पालकसभा संपली की हा प्रश्न मला कोणीतरी हमखास विचारतं. शाळेच्या संगणक कक्षाबद्दलही हाच प्रश्न निघतो. उत्तर दर वेळी 'हो' असंच नसतं. डेस्कटॉप संगणक सुट्या भागांचा बनलेला असतो. योग्य तो भाग बदलला, तर तोच संगणक आणखी काही वर्षं चांगली साथ देतो. आज त्यातल्या सगळ्यात नाजूक कामाविषयी बोलूया : नवा प्रोसेसर आणि कूलर बसवणे.

आधी माझी चूक सांगते. दोन वर्षांपूर्वी मी घरच्या संगणकाचा प्रोसेसर बदलायला घेतला. निघालेला जुना प्रोसेसर शाळेच्या एका संगणकात बसवायचा, असं मुलांना सांगूनही ठेवलं होतं. कूलरचे चारही स्क्रू काढले आणि कूलर सरळ वर ओढला. येईना, म्हणून जोर लावला. फट्‌कन आवाज झाला आणि कूलर हातात आला. त्याला चिकटून प्रोसेसरसुद्धा वर आला होता! सॉकेटची दांडी बंद असतानाच तो उपटला गेला होता. खालच्या तीन पिना वाकल्या. दोन कशाबशा सरळ केल्या, तिसरी तुटली. तो प्रोसेसर पुन्हा चालू झाला नाही. दुसऱ्या दिवशी मुलांना काय सांगायचं, हा त्यापेक्षा अवघड प्रश्न होता. जे झालं ते तसंच सांगितलं.

या उन्हाळ्यात शाळेच्या दोन संगणकांचं हेच काम नववीच्या मुलांसमोर केलं. काहीही मोडलं नाही. माझ्या हातात काही जादू आली नव्हती, फक्त क्रम कळला होता. तोच क्रम पुढे देत आहे.

१. दोष खरंच प्रोसेसरचा आहे का?

खर्च करण्याआधी हे तपासा. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक रखडत असतानाच त्यात बघा.

- डिस्कचा आकडा १०० टक्क्यांना चिकटलेला असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी बसवा. प्रोसेसर बदलून फारसा फरक पडणार नाही.
- मेमरी भरलेली दिसत असेल, तर रॅम वाढवा.
- सीपीयूचा आकडा सतत ९०-१०० टक्के असेल, तरच प्रोसेसरकडे वळा.
- संगणक सुरुवातीला बरा चालतो आणि दहा-पंधरा मिनिटांनी मंदावतो, पंखाही मोठ्याने घरघरतो? मग कदाचित नवा प्रोसेसर नकोच आहे. कूलरमध्ये धूळ साचली असेल किंवा जुनी थर्मल पेस्ट वाळली असेल. साफसफाई आणि नवी पेस्ट एवढ्यावर भागू शकतं.

शाळेत आम्ही चार संगणक तपासले. दोघांना फक्त एसएसडी लागली. प्रोसेसर बदलायची गरज उरलेल्या दोघांनाच होती.

२. जोडी जुळते का?

प्रत्येक प्रोसेसर प्रत्येक मदरबोर्डवर बसत नाही. मदरबोर्डचं नाव आणि मॉडेल त्याच्यावरच छापलेलं असतं. कंपनीच्या संकेतस्थळावर त्या मॉडेलच्या पानावर चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी मिळते. खरेदीला जाण्यापूर्वी ती यादी बघाच.

सॉकेटचा आकार जुळला म्हणजे सगळं जुळलं, असंही नाही. इंटेलच्या सहाव्या-सातव्या आणि आठव्या-नवव्या पिढीच्या सॉकेटचं नाव एकच आहे, एलजीए ११५१. तरीही सहाव्या-सातव्या पिढीसाठी बनलेल्या मदरबोर्डवर आठव्या पिढीचा प्रोसेसर चालत नाही. नावावर भुलून घेतलेला प्रोसेसर असा हातात पडून राहतो.

आमच्या दोन्ही संगणकांत एएमडीचा रायझन ३ २२००जी होता. तो २०१८ साली आलेला, चार कोअरचा प्रोसेसर. मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा. त्याच सॉकेटवर चालणारा रायझन ५ ५६००जी आम्ही निवडला. यात सहा कोअर आणि बारा थ्रेड आहेत. रॅम, कॅबिनेट, एसएमपीएस सगळं जुनंच राहिलं.

नावातला शेवटचा 'जी' बघितलात ना? तो महत्त्वाचा आहे. 'जी' असलेल्या प्रोसेसरमध्ये चित्र पडद्यावर पाठवणारा भागही असतो. नुसत्या रायझन ५ ५६०० मध्ये तो नसतो. शाळेच्या संगणकात वेगळं ग्राफिक्स कार्ड नसेल आणि तुम्ही 'जी' नसलेला प्रोसेसर आणला, तर सगळं बरोबर बसवूनही पडदा काळाच राहील. इंटेलमध्ये नावाच्या शेवटी 'एफ' असेल, तर तसंच समजा.

आणखी एक गोष्ट. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ वर जायचं असेल, तर मायक्रोसॉफ्टच्या मान्य प्रोसेसरांच्या यादीत आपला नवा प्रोसेसर आहे का, तेही आधीच बघून घ्या. ५६००जी त्या यादीत आहे.

३. बायोस आधी, प्रोसेसर नंतर

हा टप्पा बरेच जण विसरतात. मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये बायोस नावाचा प्रोग्रॅम असतो. संगणक चालू होताच सगळ्यात आधी तो जागा होतो आणि प्रोसेसरला ओळखतो. २०१८ सालच्या बायोसला २०२१ सालचा प्रोसेसर कसा माहीत असणार? म्हणून जुना प्रोसेसर जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करायचा. जुना काढून टाकल्यावर आठवण झाली, तर सगळं पुन्हा उलटं करावं लागतं.

हे काम चालू असताना लाईट गेली, तर मदरबोर्ड निकामी होऊ शकतो. त्यामुळे यूपीएस असल्याशिवाय बायोसला हात लावू नका. आमच्याकडे मंगळवारी दुपारी वीज जाते, म्हणून आम्ही हे काम बुधवारी सकाळी केलं.

महत्त्वाच्या फायलींची प्रत पेन ड्राइव्हवर किंवा दुसऱ्या डिस्कवर काढून ठेवा. डिस्कवर बिटलॉकरचं कुलूप असेल, तर ते आधी उघडा किंवा त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. प्रोसेसर बदलल्यावर संगणक ती मागू शकतो.

४. कूलर नेमकं काय करतो?

कूलर म्हटलं की विदर्भातल्या माणसाला खिडकीतला वाळ्याचा कूलर आठवतो. हा तो नव्हे. दोघांमधला फरक मुलांना जरूर सांगा. वाळ्याच्या कूलरमध्ये पाण्याचं बाष्पीभवन होतं, त्यामुळे हवा खोलीतल्या हवेपेक्षाही थंड होते. प्रोसेसरच्या कूलरमध्ये पाणी नसतं. तो प्रोसेसरची उष्णता फक्त खोलीतल्या हवेत नेऊन सोडतो. म्हणजे प्रोसेसर खोलीपेक्षा थंड कधीच होणार नाही. मे महिन्यात पत्र्याखालच्या संगणक कक्षात ४२ अंश असतील, तर कूलरची सुरुवातच तिथून होते.

आता उष्णता किती, ते पाहू. ५६००जी ची ठरलेली क्षमता ६५ वॅट आहे, पण जोरात काम करताना तो ८८ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो. पूर्वीचा ६० वॅटचा पिवळा दिवा आठवा. चालू दिव्याला हात लावायची कोणाची हिंमत नव्हती. इथे तेवढी किंवा त्याहून जास्त उष्णता अंगठ्याच्या नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून बाहेर पडते. कूलर न लावता संगणक सुरू केला, तर प्रोसेसर काही क्षणांतच इतका तापतो की स्वतःला वाचवण्यासाठी तो संगणक बंद पाडतो.

ही उष्णता तीन पायऱ्यांनी बाहेर जाते. प्रोसेसरच्या धातूच्या झाकणातून ती कूलरच्या धातूत जाते. हे वहन. धातूच्या पातळ पात्यांमध्ये ती पसरते. पाती जितकी जास्त, तितकं हवेला लागणारं क्षेत्रफळ जास्त. मग पंखा गरम हवा ढकलून देतो आणि तिच्या जागी गार हवा येते. सातवीच्या पुस्तकातला उष्णता संक्रमणाचा पाठ इथे डोळ्यांसमोर उभा राहतो.

मग मधली पेस्ट कशाला? झाकण आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसतात, पण दोन्हींवर अतिसूक्ष्म खाचखळगे असतात. त्यात हवा अडकते, आणि हवा ही उष्णतेची फार वाईट वाहक. आकडेच बघा : वॅट प्रति मीटर केल्विन या एककात हवेची उष्णतावाहकता सुमारे ०.०२६, ॲल्युमिनियमची सुमारे २३५ आणि तांब्याची सुमारे ४००. साध्या थर्मल पेस्टची ४-५ च्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शंभरपटींहून चांगली, पण धातूपुढे अगदीच दुबळी. म्हणूनच ती फक्त खळगे भरण्यापुरती लावायची. श्रीखंड फासल्यासारखा जाड थर दिला, तर मदत करणारी पेस्टच उष्णतेला आडवी येते.

५. तयारी

लागणारं सामान थोडंच आहे : फुलीच्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, धागे न सुटणारं मऊ कापड, छोटी वाटी स्क्रू ठेवायला, आणि गरज पडली तर थर्मल पेस्ट. पेस्टऐवजी टूथपेस्ट वगैरे घरगुती उपाय करू नका. ती वाळते आणि काम बिघडवते.

काम लाकडी टेबलावर करा. सतरंजीवर बसून नको, आणि अंगात लोकरीचा स्वेटर तर नकोच. कोरड्या हवेत अशा कापडांमुळे शरीरावर स्थितिक विद्युतप्रभार साठतो. आपल्याला जाणवतही नाही इतका छोटा झटका चिप जाळू शकतो. कामाला सुरुवात करण्यापूर्वी आणि मध्येमध्ये कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावा.

एक फोटोही काढा. कोणती वायर कुठे होती, हे आपल्या आठवणीपेक्षा मोबाइलला चांगलं आठवतं.

६. जुना काढताना

माझी चूक झाली ती याच टप्प्यावर, म्हणून सावकाश वाचा.

१. संगणक सुरू करून दहा-पंधरा मिनिटं चांगला राबवा. एखादा मोठा व्हिडिओ लावा. पेस्ट कोमट झाली की मऊ होते.
२. संगणक बंद करा. मागचा एसएमपीएसचा खटका बंद करा, वायर काढा आणि पुढचं चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत साठलेली वीज निघून जाईल.
३. कॅबिनेट आडवं ठेवा, मदरबोर्ड वर तोंड करून. बाजूचं झाकण काढा.
४. कूलरच्या पंख्याची वायर मदरबोर्डवरून काढा. वायरला नव्हे, तिच्या प्लॅस्टिकच्या टोकाला धरून.
५. चार स्क्रू एकदम सोडवू नका. एकाला दोन-तीन वेढे, मग तिरप्या समोरच्याला, मग उरलेल्या दोघांना. असं फिरत फिरत सगळे मोकळे करा. हे स्क्रू मदरबोर्डच्या मागच्या धातूच्या पट्टीत बसलेले असतात. ते निघाले की ती पट्टी सुटी होते. कॅबिनेट उभं असेल तर ती मागे पडते. म्हणून आडवं ठेवायचं.
६. आता कूलर ओढू नका, फिरवा. बरणीचं घट्ट झाकण सैल करताना करतो तसं, थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे. पेस्टची पकड सुटल्याचं हाताला जाणवतं. मगच उचला. फिरतच नसेल, तर पुन्हा जोडून संगणक थोडा वेळ चालवा. जोर लावू नका.
७. सॉकेटच्या कडेची दांडी किंचित बाहेर सरकवून पूर्ण उभी करा. आता प्रोसेसर दोन कडांना धरून अलगद उचला.

इंटेलवाल्यांसाठी : कंपनीच्या साध्या कूलरला बहुतेक वेळा स्क्रूऐवजी प्लॅस्टिकच्या चार खुंट्या असतात. त्यांच्या डोक्यावर बाणाची खूण असते. त्या दिशेने पाव वेढा फिरवून वर ओढायच्या. इंटेलच्या या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला नसतात, मदरबोर्डवर असतात. सॉकेट उघडं असताना त्यात बोट, कापड, स्क्रू काहीही पडू देऊ नका. तिथली पीन वाकली तर मदरबोर्डच जातो.

७. नवा बसवताना

प्रोसेसरच्या एका कोपऱ्यावर छोटा सोनेरी त्रिकोण असतो. सॉकेटच्या एका कोपऱ्यावरही त्रिकोणाची खूण असते. दोन्ही खुणा एकाच कोपऱ्यात आणा आणि दांडी उभी असताना प्रोसेसर वर ठेवून द्या. 'ठेवा' म्हणतेय, 'दाबा' नाही. तो स्वतःच्या वजनानेच खाली बसतो. बसला नाही, तर दिशा चुकली आहे किंवा पीन वाकली आहे. उचलून पुन्हा बघा. चारही बाजूंनी सपाट बसला की दांडी खाली करून अडकवा.

इंटेलची दांडी खाली करताना मात्र बराच जोर लागतो, थोडा करकर आवाजही येतो. तो नेहमीचाच असतो. घाबरून मध्येच सोडू नका.

आता पेस्ट. नव्या कूलरच्या तळाला राखाडी रंगाचा चौकोन आधीच लावलेला असेल, तर तीच पेस्ट. वरून आणखी लावू नका आणि तिला बोट लावू नका. जुनाच कूलर परत वापरत असाल, तर त्याचा तळ आणि प्रोसेसरचं झाकण अल्कोहोलने पुसून लख्ख करा आणि मधोमध वाटाण्याएवढा एकच ठिपका द्या. पसरवायचं काम कूलरचा दाब करतो. काही कूलरच्या तळाला पारदर्शक प्लॅस्टिक चिकटवलेलं असतं. ते काढायला विसरू नका.

कूलर सरळ वरून खाली आणा, एकदा टेकला की पुन्हा उचलू नका. कोणीतरी मागची पट्टी हाताने धरून ठेवली तर सोपं जातं. आमच्याकडे हे काम एका मुलीने केलं, आणि 'मॅडम, पकडलंय' हे तिचं वाक्य वर्गात आठवडाभर चाललं. चारही स्क्रू आधी दोन-दोन वेढे पकडून घ्या, मग तिरप्या क्रमाने थोडे थोडे आवळा. एक बाजू आधी पूर्ण आवळली, तर दुसरी उचलली जाते आणि मध्ये फट राहते. स्क्रू आपोआप थांबला की आपणही थांबायचं.

शेवटी पंख्याची वायर मदरबोर्डवर 'सीपीयू फॅन' असं लिहिलेल्या जागीच जोडा.

८. पहिल्यांदा चालू करताना

बाजूचं झाकण लगेच लावू नका. वायर जोडा, चालू करा आणि पंखा फिरतोय का ते बघा. फिरत नसेल तर लगेच बंद करा.

पंखा फिरतोय पण पडदा काळा? एखाद-दोन मिनिटं थांबा. नव्या प्रोसेसरची रॅमशी ओळख व्हायला पहिल्यांदा वेळ लागतो. एएमडीच्या संगणकावर नवा सीपीयू बसवल्याचा आणि एफटीपीएमविषयीचा इंग्रजी संदेश येऊ शकतो. वाचून उत्तर द्या. बिटलॉकरची तयारी आपण आधी केली, ती याचसाठी.

विंडोज सुरू झाल्यावर तापमान दाखवणारा प्रोग्रॅम, उदाहरणार्थ एचडब्ल्यूइन्फो, लावून पंधरा मिनिटं जड काम द्या. ५६००जी ची कमाल मर्यादा ९५ अंश सेल्सिअस आहे. तापमान हळूहळू वाढून ७०-८० च्या घरात स्थिरावलं, तर उत्तम. काम सुरू होताच काही सेकंदांत ९० पार गेलं, तर कूलर नीट टेकलेला नाही. बंद करा, पेस्ट पुसा, नव्याने बसवा. 'चालतंय ना' म्हणून तसंच सोडू नका. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणजे नव्यासाठी दिलेले पैसे देऊन आपण पुन्हा रखडणारा संगणकच वापरत राहतो.

९. जुन्या प्रोसेसरचं काय?

चालू असेल तर नव्याच्या रिकाम्या खोक्यात जपून ठेवा, दुसऱ्या संगणकाला लागेल. निकामी असेल तर कचऱ्यात टाकू नका. तो ई-कचरा आहे, अधिकृत संकलन केंद्रात द्या. पण त्याआधी एकदा वर्गात न्या.

माझा तुटक्या पिनेचा प्रोसेसर आता आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. एएम४ प्रोसेसरला एकूण १३३१ पिना असतात. आठवीच्या वर्गात फळ्यावर हा आकडा लिहा आणि त्याचं घनमूळ विचारा. ११ × ११ × ११! मग भिंगातून पिना बघायला द्या. माझ्या त्या प्रोसेसरला १३३० च आहेत. 'एक कुठे गेली?' असं प्रत्येक वर्षी कोणीतरी विचारतं, आणि मी ती गोष्ट पुन्हा सांगते.

घरी हे काम करणार असाल, तर मुलांना बाजूला बसवा, वाटीत स्क्रू मोजायला द्या, त्रिकोणाची खूण त्यांना शोधू द्या. संगणक ही बंद पेटी नाही, ती उघडता येते, समजून घेता येते आणि दुरुस्तही करता येते, हे त्यांना त्या एका तासात कळेल. तुमचा अनुभव आणि अडचणी मला जरूर कळवा.